घेवंडीची नाववाट

तुम्ही आत्ता ज्या वाटेने चढून आलात, तिला आम्ही नाववाट म्हणतो. शहरातून आलेल्यांना वाटतं, इथं कधीतरी होडी चालत असेल. तसं नाही. ही माणसांच्या नावांची वाट. वळणावळणाला खडकात कोरलेला एकेक वाडगा तुम्ही पाहिला असेल. असे सात आहेत. ते का कोरले, ते सांगतो. माझ्या आजोबांनी मला सांगितलं, तसंच.

आमचं घेवंडी गाव पूर्वी खाली होतं, दरीत. लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही, असं सांगतात. गावाला एकच विहीर. ती आटली तेव्हा भिवजी नावाच्या म्हाताऱ्याने आपल्या मुलाला, रायाजीला, विहीर आणखी खोल खणायला उतरवलं. दुसऱ्या दिवशी कड ढासळली आणि रायाजी आतच गेला. पाणी काही लागलं नाही.

पुढे वरच्या पठारावर एक जिता झरा सापडला आणि गाव तिकडे हललं. भिवजी तेवढा हलेना. म्हणाला, "पितर या उंबऱ्यावर येतात. आले आणि घरात कोणी नसलं तर?" खरं कारण विहिरीत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रायाजीची बायको येसू. ती गावाबरोबर वर राहायला गेली. पण रोज सकाळी झऱ्याची घागर घेऊन दरीत उतरायची आणि सासऱ्याला पाणी द्यायची. म्हातारा आधी विहिरीच्या काठावर पितरांना पाणी सोडायचा आणि उरेल तेवढं प्यायचा. पितृपक्ष लागला तसं उरेनासं झालं.

सर्वपित्री अमावस्येला येसूचा पाय उतारावर घसरला. घागर फुटली. खापरात ओंजळभर पाणी राहिलं, ते सांभाळत ती खाली पोहोचली. भिवजीचे ओठ फुटले होते, जीभ सुकली होती. तरी त्याने ते सगळं पाणी काठावर सोडलं.

येसू कधी सासऱ्यापुढे मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामंजी, पितर पाण्यासाठीच येतात ना? मग पाणी जिथं आहे तिथं त्यांना घेऊन चला."

"त्यांना वाट कुठली ठाऊक, पोरी?"

"तुम्ही हाका मारा. तुमच्या आवाजामागे येतील."

भिवजीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो उठला.

चढ अवघड, आणि अंगात त्राण नाही. प्रत्येक वळणावर म्हातारा टेकायचा आणि विसावा घेऊन दरीकडे तोंड करून एक नाव घ्यायचा. खापरपणजा, पणजा, आजा, आजी, बाप, आई. प्रत्येकाला म्हणायचा, "चला, वर पाणी देतो." सहा वळणं अशी झाली. मागे वाटेवरचं वाळकं गवत वाऱ्याशिवाय हलत होतं म्हणे. मी काही पाहिलेलं नाही, ऐकलं तसं सांगतो.

सातव्या वळणावर रायाजीचं नाव राहिलं होतं. भिवजीने तोंड उघडलं, पण बापाच्या तोंडून पोराचं नाव पितरांत निघेना. तो खडकाला धरून रडू लागला. "मीच उतरवलं त्याला," एवढंच म्हणत राहिला.

त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. येसू दरीच्या कडेपर्यंत गेली आणि मोठ्याने म्हणाली, "रायाजी, चला. मामंजी दमलेत."

भिवजीने डोळे पुसले. दोघं झऱ्यावर आली. त्याने सातही नावांना पाणी सोडलं, रायाजीचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतलं, आणि मग स्वतः पोटभर प्यायला. त्यानंतर तो सहा वर्षं जगला. ते वाडगे त्यानेच कोरले, असं सांगतात.

आजही सर्वपित्रीला अख्खं गाव पहाटे दरीत उतरतं आणि वाडग्यांत पाणी घालत, नावं घेत वर येतं. सहा वळणांवर पुरुष नावं घेतात. सातव्यावर सगळे गप्प होतात, आणि घरातली सून पुढे येऊन हाक मारते.