घरावर ठेवलेलं तुळशीपत्र

दर पौर्णिमेला सत्यनारायण करायचं व्रत मी धरलं, ते एकाच मागण्यासाठी: आमच्या माघारी वय वाढूनही अजाणच राहिलेल्या माझ्या लेकीच्या, ऋजुताच्या डोक्यावर छप्पर राहू दे.

परवा पूजेला सासूबाई म्हणाल्या, "माझं घर मी ऋजुतासाठी ट्रस्टमध्ये घातलंय. ती आहे तोवर कुणाला विकता येणार नाही."

घर विकायला टपलेले थोरले भाऊजी, गावातले बडे वकील, उसळलेच. "आई, जिवंतपणीच घरावर तुळशीपत्र ठेवलंस!"

सासूबाईंनी नैवेद्याचं ताट पुढे केलं. "ठेवलं तर! आणि तुळशीपत्र ठेवलेल्या ताटाला देवाआधी कुणी हात लावतं का रे, वकीलसाहेब? ह्या घराच्या ताटाचा देव ती बघ, तिथं बसून हसतेय."

माझी मान ताठ झाली! बायांनो, हातपाय चालताहेत तोवर तुम्हीही आपल्या लेकरासाठी एवढं तुळशीपत्र ठेवाच.