डाव्या पायाचं माप

“मग चूक कुठं झाली, तेवढं तरी सांगा, उस्ताद.”

भरतेश मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री जमिनीवर बसून कार्ब्युरेटर धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मिरजेत मालधक्क्याच्या मागं त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. भरतेश तिथं सहा वर्षं शिकला, मग पुण्याला जाऊन त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं. जुन्या मोटारींना नवी इंजिनं बसवण्यात त्याचं नाव झालं. नाव झालं तशी त्याच्या बोलण्यातून उस्तादांची आठवण गळत गेली. शेवटी एका मुलाखतीत, ‘मला कुणी शिकवलं नाही, माझा मीच शिकलो,’ असंही तो म्हणून बसला. ती मिरजेत कुणी वाचली नसेल असं मानण्याइतका तो भोळा नव्हता.

पण अडला हरी… म्हणतात तसं झालं होतं. आज आठ वर्षांनी तो या दारात उभा होता.

प्रश्न त्याच्या वडिलांच्या गाडीचा होता. धनपाल वकिलांची, म्हणजे आबांची, छप्पन सालची मॉरिस. चाळीस वर्षं त्यांनी ती स्वतः चालवली, दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. इंजिन थकलं तेव्हा भरतेशनं ती पुण्याला नेली आणि तिला नवं जपानी इंजिन बसवलं. नव्या इंजिनाचा क्लच केबलचा, जुन्या पेडलची दांडी त्याला जुळेना. म्हणून क्लच आणि एक्सलेटर ही दोन्ही पेडलं त्यानं नव्यानं बनवली. कॉम्प्युटरवर आराखडा काढला, पेडलला किती जोर लागतो ते काट्यानं मोजलं. आबांच्या पंचाहत्तरीला गाडी मिरजेच्या घरी मांडवासमोर आणून उभी केली.

शे-दोनशे पाहुण्यांसमोर आबा गाडीत बसले. क्लच दाबला, गियर टाकला, आणि त्यांचा पाय पेडलवरून सटकला. गाडीनं उडी मारली ती थेट मांडवाच्या खांबावर. कुणाला लागलं नाही, पण लोक हसले. भरतेशचा पारा चढला. एवढ्या मेहनतीचं हसं झालेलं त्याला सोसलं नाही.

“आता तुमच्याच्यानं व्हायचं नाही, आबा. किल्ली द्या इकडं,” तो सगळ्यांदेखत म्हणाला.

आबांनी किल्ली दिली. त्याला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत ते मुलाशी एक अक्षर बोलले नव्हते. रोज सकाळी गाडी घेऊन जैन बस्तीत दर्शनाला जायचे, तेही बंद झालं. ताटावर बोलावलं की यायचे, दोन घास खायचे, उठायचे. हे असंच चाललं तर म्हातारा फार दिवस काढणार नाही, असं भरतेशला वाटू लागलं होतं. गाडीतला दोष निघाला तर आबा पुन्हा बसतील, एवढ्या आशेवर तो ती इथं घेऊन आला होता.

उस्ताद उठले. चप्पल काढून गाडीत बसले. डोळे मिटून क्लच दाबला, सोडला. मग एक्सलेटर. पुन्हा क्लच…

“काम चांगलं झालंय,” ते म्हणाले.

एरवी या शब्दांसाठी भरतेशनं जीव टाकला असता. आज त्याला दोष हवा होता.

“पेडल बसवलंस तवा पाय कुणाचा धरलास?”

“माझाच. वीस वेळा दाबून बघितलं.”

“हं… आन् जुनं पेडल कुठाय?”

भरतेश चाचरला. जुनं क्लचचं पेडल वेडंवाकडं होतं. दांडी एका अंगाला वाकवलेली, वरची पट्टी तिरकी, आणि तिच्या कडेला बोटभर उंचीचा लोखंडी काठ जोडलेला. ते त्यानं वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलं होतं. खाली पाटी लावली होती, ‘गावठी जुगाड’. गिऱ्हाइकं हसायची आणि फोटो काढायची.

“ठेवलंय जपून,” तो म्हणाला.

“फोटू बघितलाय मी. जावयानं दावला मोबाइलवर. पाटीपन वाचली.” उस्तादांनी हात पुसले. “वेल्डिंग माझंच हाय ते.”

भरतेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच माफी मागायला हवी होती. पण हुशार माणसाला माफीच्या आधी प्रश्न सुचतो.

“पण मग ते असं वाकडं का केलं होतं?”

“सांगनार न्हाई, असा शब्द दिलाय.”

“कुणाला?”

उस्तादांनी त्याला गाडीत बसायची खूण केली आणि डाव्या पायातला बूट काढायला लावला. मग खोक्याच्या फळीचे दोन तुकडे घेतले, त्याच्या घोट्याच्या दोन्ही अंगांना लावले, आणि वरून जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. नडगीपासून पावलापर्यंत पाय एकसंध लाकूड झाला.

“दाब आता.”

भरतेशनं टाच टेकवून दाबायला पाहिलं. पाऊल हलेना. मग त्यानं मांडीतून जोर लावला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि पाय कडेनं सटकला.

पुन्हा दाबलं. पुन्हा सटकला.

तिसऱ्या वेळी पाय सटकायच्या आधीच त्याला कळलं, की नेमका इथं तो लोखंडी काठ असायला हवा होता.

त्याला एकेक गोष्ट आठवू लागली…

आबा कधी पाटावर जेवायला बसले नाहीत. घरचे या सवयीला साहेबी म्हणायचे. घरातसुद्धा त्यांच्या पायांत मोजे असायचे. लग्नकार्यात कुणी पाया पडायला वाकलं की ते मागं सरायचे, ‘राहू दे, लांबूनच,’ म्हणायचे. लोकांना वाटायचं, वकीलसाहेब सुधारक आहेत. भरतेशलाही तसंच वाटायचं. एका छपराखाली वाढून बापाचा घोटा वळत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

उस्ताद पट्टी सोडत राहिले.

“एका शब्दानं मला सांगितलं असतं कुणी, तर…”

“तू इचारलंस कवा?”

भरतेशचं डोकं यंत्राचं, ते लगेच कामाला लागलं. जुनं पेडल उद्या आणतो, म्हणाला, त्याचा बाक जसाच्या तसा नव्यावर उतरवतो, दोन दिवसांत गाडी तयार.

“ते माप एकतीस वर्सांमागचं. पाय आता तवाचा ऱ्हायलाय व्हय?”

“मग नवीन माप तुम्ही घ्या, उस्ताद. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत.”

“मला आता त्या घरात जाता येत न्हाई.”

“का?”

“शब्द दिलता. तोंड न्हाई उघडलं मी, पन हात बोललेच की.” उस्तादांचा आवाज कडवट झाला. “एकतीस वर्सं सांभाळलेलं तुज्यापायी आज गेलं.”

ते पुन्हा खाली बसले. कार्ब्युरेटर हातात घेतला.

भरतेशनं काढलेला बूट पुन्हा पायात घातला. बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले, मग शांत झाले.

“ते माझ्याशी बोलत नाहीत, उस्ताद,” तो अखेर म्हणाला. “मोजा काढणार नाहीत. पायाला हात लावू देणार नाहीत. मी माप घेऊ तरी कसं?”

उस्तादांनी कार्ब्युरेटरच्या भोकात फुंकर मारली, उजेडाला धरून पाहिलं…

“खाली बसून.”