आठ पायांची शपथ

त्या राज्यात माश्या थोड्या आणि कोळी फार झाले होते, त्यामुळे साहजिकच शिक्षणाला महत्त्व आलं होतं. ज्याला पोटापुरती माशी पकडता येई तो कुठल्याही कुंपणावर जाळं टाकून मोकळा होई. ज्याला ते जमत नसे, किंवा जमूनही समाधान होत नसे, तो पुढच्या शिक्षणासाठी खिंडीतल्या महाजाळ्यात जाई. महाजाळं म्हणजे दोन कड्यांच्या मधोमध पसरलेलं अवाढव्य प्रकरण. ते कुणी सुरू केलं, कुठून सुरू केलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या धाग्यावर नवा, नव्यावर आणखी नवा असं ते वाढत गेलं होतं, आणि कुठला धागा ओढला तर काय कोसळेल याचा नेम नसल्यामुळे कुणी कशाला पाय लावत नसे. याला तिथं परंपरा म्हणत.

पावसाळा सरला की महाजाळ्यात नव्या पोरांचा स्वागत-सप्ताह भरे. त्या वर्षी आलेल्यांत भिंगरी नावाची एक कोळ्याची पोर होती. घरच्या शेवग्यावर तिनं लहानपणापासून जाळी विणली, मोडली, पुन्हा विणली. आता तिच्या डोक्यात एक जाळं ठाण मांडून बसलं होतं: वादळ आलं की मिटणारं आणि वारा पडला की आपलं आपण उघडणारं. निघताना आईनं बजावलं होतं, "भिंगरे, तुझी कात टाकायची वेळ जवळ आलीय. कात टाकल्यावर जे सूत येतं ना, तसं पुन्हा जन्मात येत नाही. लगेच विणायला घे. पोटात ठेवलंस तर सुकेल, मग बस आयुष्यभर दुसऱ्यांच्या जाळ्याची भोकं बुजवत." भिंगरीच्या जिवाला लागलेला घोर तो एवढाच.

पहिल्या सकाळी प्रत्येकाच्या पाठीवर पिवळ्या परागाचा ठिपका लावण्यात आला. ठिपक्याशिवाय आत प्रवेश नव्हता, आणि ठिपका पुसला गेला तर नवा आतच मिळे. मग प्रत्येकाला त्याची गुप्त थरथर शिकवण्यात आली. दार उघडायचं तर ती धाग्यावर वाजवायची, कुणाला सांगायची नाही, आणि दर अमावास्येला बदलायची. जेवणाच्या वेळेपर्यंत निम्मे जण ती विसरले होते. जेवणात वाळकी चिलटं होती आणि ती फुकट होती, म्हणून भाषणाला गर्दी चांगली झाली.

भाषण अधिष्ठाता पोटभरे यांनी केलं. त्यांच्यामागं उंचावर ज्येष्ठ आचार्यांची रांग बसली होती. ते बोलत नव्हते, नुसते अधूनमधून डोलत होते, आणि ते डोलले की पोटभऱ्यांना हुरूप येई. "तुम्ही या राज्यातले हुशारातले हुशार!" पोटभरे गरजले. हे ऐकून प्रत्येक पोराला वाटलं की बाकीचे असतील बाबा, आपण मात्र काहीतरी घोटाळ्यानं इथं आलोय. मग पोटभऱ्यांनी महाजाळ्याची रचना समजावून सांगितली. ती कुणालाही कळली नाही. पण शेजारचा मान हलवतोय म्हटल्यावर आपणच कशाला हात दाखवून अवलक्षण करा, म्हणून सगळ्यांनीच माना हलवल्या. "शंका नाहीत, म्हणजे समजलं," असं म्हणून पोटभरे चिलटांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी गुरू निवडायचे होते. पहिले आचार्य भिंगरीला म्हणाले, माशी पकडता येते हे एकदा सिद्ध झालं की पकडायची गरज उरत नाही. त्यांच्याकडे जाळंच नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. दुसऱ्या आचार्यांकडे गाड्या भरभरून सूत होतं. ते दिसेल तिथं पसरत होते आणि त्यात काही ना काही अडकतही होतं. "पण का अडकतं, सर?" भिंगरीनं विचारलं. "अडकतंय ना? मग आणखी पसरायचं," ते म्हणाले. तिसरे आचार्य लांबटांगे. त्यांनी तिच्या मिटणाऱ्या जाळ्याची हकिकत आठांपैकी सहा डोळे मिटून ऐकली. "उत्तम! फारच उत्तम," ते म्हणाले. "आपण ते करूच. तोवर एवढा धागा धर."

मग सगळ्या नव्या पोरांच्या पायांत एकेक मोकळा धागा देऊन शपथ घेण्यात आली: माझे आठही पाय मी या धाग्यावरून काढणार नाही, कारण महाजाळं यावरच तोललेलं आहे. भिंगरी धागा धरून बसली. दोन दिवस झाले, तीन झाले. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. शेजारी खुंटेदादा म्हणून एक जुना विद्यार्थी धागा धरून बसला होता. त्याच्या पायांवर शेवाळ चढलं होतं.

"दादा, हा धागा जातो कुठं?"

"पुढं."

"पुढं म्हणजे?"

"अगं, पुढं म्हणजे पुढं. मी विचारलं होतं पहिल्या वर्षी. सर म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे."

"मग?"

"मग काय? चांगला होता प्रश्न."

"आणि तुझं सूत?"

"होतं की," तो म्हणाला. "तीन जाळी पुरली असती. आता नुसती पाठ खाजते."

त्या रात्री भिंगरीला झोप कसली येतेय! सकाळी तिच्या पाठीवरची कातडी ताणायला लागली. तिनं लांबटांग्यांना निरोप धाडला की सर, माझी कात सुटायला लागलीय, मला विणायला सोडा. "तुझ्या वयात माझीही सुटायची," सरांनी उलट निरोप दिला. "लक्ष दिलं नाही की थांबते."

आता मात्र भिंगरीचं डोकं फिरलं. पाय काढायचे नाहीत ना? नाही काढत! आठही पाय धाग्यावरच ठेवून ती सरकायला लागली. ज्या धाग्यावर सगळं महाजाळं तोललंय म्हणतात, त्याचं दुसरं टोक तरी डोळ्यांनी बघू, मग मरू. सरकत सरकत ती कड्याच्या कपारीपर्यंत पोचली. तिथं एक कोळी पाठमोरा, मान खाली घालून, आठही पायांनी धागा घट्ट धरून बसला होता.

"दादा, ऐका ना," भिंगरी म्हणाली. तो हूं नाही की चूं नाही. तिनं त्याला हलकेच ढोसलं, तर तो डोलला. मग तिला त्याच्या पाठीवरची उभी चीर दिसली. आत कुणी नव्हतं. नुसती कात होती, आणि तिच्या पाठीवर परागाचा पिवळा ठिपका अजून शाबूत होता.

भिंगरी आधी हसली, मग तिला रडूच कोसळलं, आणि मग ती होत्या नव्हत्या तेवढ्या वेगानं आपल्या जागेवर परतली.

सप्ताहाच्या समारोपाला पोटभरे पुन्हा बोलायला उभे राहिले. कंटाळलेली पोरं चुळबुळत होती. एकटी भिंगरी मात्र जागची हलत नव्हती. मान खाली, आठही पाय धाग्यावर.

"ही पाहा एकाग्रता!" पोटभऱ्यांनी एक पाय तिच्याकडे रोखला. "एका सप्ताहात ही तयारी! लांबटांगे, हिला काय शिकवायचं उरलंय? हिला वर ज्येष्ठांच्या रांगेत बसवा. ए, तू रे, उचल तिला."

तो म्हणजे खुंटेदादा. कैक वर्षांनी त्याचे पाय धाग्यावरून सुटले, आणि महाजाळ्याचं काही म्हणता काही झालं नाही. त्यानं भिंगरीला उचललं आणि नको एवढा जोर लावल्यामुळे मागच्या मागे पडता पडता वाचला. त्यानं हळूच तिच्या पाठीवरची चीर पाहिली. मग खिंडीबाहेरच्या घाणेरीच्या झुडपाकडे पाहिलं. तिथं एक ओलं, चकचकीत, अर्धं विणलेलं जाळं वाऱ्यासरशी मिटत आणि उघडत होतं, आणि मधोमध कुणीतरी कोवळ्या पायांनी घाईघाईनं विणत होतं.

"काय रे, जड आहे का?" पोटभऱ्यांनी विचारलं.

"फार जड आहे हो, साहेब," खुंटेदादा म्हणाला, आणि वर चढताना त्यानं आपली पाठ एका खडकावर जोरजोरात घासून घेतली.

त्यानं तिला रांगेत टेकवलं. तेवढ्यात खिंडीतून वाऱ्याची एक झुळूक आली आणि भिंगरीची मान हलली. तिच्या शेजारचे आचार्य डोलले, त्यांच्या शेजारचे डोलले, करता करता सगळी रांग डोलली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ऊन कड्यावर चढलं आणि रांगेत बसलेल्या सगळ्यांच्या आरपार जाऊन खाली पोरांच्या अंगावर पडलं.