सहावं पान

मला हे सांगायला लावू नका म्हणून दोनदा बजावलं होतं. मठीत येणारी माणसं ऐकतील तर शपथ. मी चौथी शिकलेला माणूस. एकदाच लिहितो. पुन्हा विचारायला येऊ नका.

"सेक्शनमध्ये जवान दहाच ना, महाराज?"

विचारणारा कौस्तुभ आगाशे. पुण्याचा. कॉम्प्युटरवर लढाईचे खेळ बनवतो. एकाहत्तरच्या लढाईवर पाच वर्षं खपलेला. पलटणीत कंपन्या किती, कंपनीत प्लाटून किती, झोपेतून उठवलं तरी सांगेल.

महाराज म्हणजे सुभेदार रायाजी नलवडे. पेन्शनीत आले, डोंगरावर मठीत जाऊन बसले, दाढी वाढली, लोक पाया पडायला लागले. मी अजून सुभेदारच म्हणतो. त्यांच्याच कंपनीत मी लांगरी होतो. सगळ्यांचं रांधायचं, शिव्या खायच्या.

"दहाच," सुभेदार म्हणाले.

"तीन सेक्शनची एक प्लाटून?"

"तीनच."

"मग खेळावर तुमचं नाव घालू द्या. 'मांडणी सुभेदार नलवडे यांनी तपासली.' एवढीच ओळ. हे खेळ खेळणारे लोक भारी कीस काढतात, महाराज. एक जवान इकडचा तिकडे झाला तरी माझी पाच वर्षं मातीत घालतील."

सुभेदारांनी मला पानं मांडायची खूण केली.

आमचा तो दिवस होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात ज्या तारखेला आमच्या सेक्शननं टेकडी घेतली, त्या तारखेला दरसाल मठीत पानं मांडतो. टेकडीवर जो जो गेला त्याचं एक पान. तिघं वरच राहिले. एक पुढं गावी वारला. उरलो आम्ही दोघं. रांधतो मीच, वाढतोही मीच.

पुण्याच्या पोरानं पत्रावळी मोजल्या.

"सहाच? सेक्शन दहाची आणि पानं सहा?"

"गेणू, हजेरी सांग," सुभेदार मला म्हणाले.

सांगितली. एक रजेवर, बायको बाळंत. एक काविळीनं इस्पितळात. एक साहेबाच्या दिमतीला. एक खेचरांपाशी. एकाचा पाय सुजून भोपळा झालेला.

"म्हणजे कागदावर दहा आणि वर पाच!" पोरगं हरखलं. लगेच लिहून घेतलं. मग पेन थांबलं. "पाच... मग सहावं पान कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"तुम्ही तर लांगरी होता."

"पुऱ्या घेऊन वर गेलो होतो. परत यायला मिळालं नाही. मग बंदुकांच्या मॅगझिनीत गोळ्या भरून देत बसलो."

"राग मानू नका आजोबा, पण लांगरी सेक्शनमध्ये धरत नाहीत. तुम्हाला घेतलं तर मांडणीच चुकेल."

"पुऱ्या गिळताना कुणी म्हणालं नाही, धरत नाहीत म्हणून."

सुभेदारांनी हात वर केला. मी गप्प झालो. फौजेतली खोड, अजून जात नाही.

"आगाशे, यातलं चुकीचं पान कुठलं?"

"महाराज..."

"उचल ते. मग माझं नाव घाल."

पोरगं जरा घुटमळलं. मग उठलं आणि माझं पान उचललं. भात, पुरी, वर कढत आमटी. पत्रावळ वाकली.

"मी मनाचं बोलत नाही, महाराज," तो म्हणाला. "लढाईनंतरच्या रिपोर्टाची नक्कल काढून आणलीय. पिशवीत आहे. त्यात पाचच नावं आहेत. आणि खाली सही..."

तो अडखळला.

"वाच की," मी म्हटलं.

"वाचायला कशाला हवं... हवालदार रायाजी नलवडे."



हवालदार म्हणजे हेच. तेव्हा ती सेक्शन यांच्या हाताखाली होती. पन्नासावर वर्षं झाली, दरसाल माझं पान मांडतात. त्या कागदाचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी सुभेदारांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आमटी पोराच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. पान भरलेलं, टाकता येईना. रिकामी जागा समोर होती, तिथं ठेवायची हिंमत होईना.

"महाराज... हे कुठं ठेवू?"

सुभेदारांनी आपल्या पानावरची पुरी मोडली. खाल्ली नाही.

"माझ्या कागदात त्याला जागा झाली नाही. तुझ्या खेळात होते का बघ."

माझ्याकडे एक माफी अजून यायची आहे. पोराची नव्हे, त्यानं उतरताना पायरीवरच मागितली. सुभेदार रायाजी नलवडे यांची.