समुद्रावर लावलेलं विरजण

एक होती तांडेलीण. तिचं नाव हौसा. तिचा नवरा काशा तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या. शिडं फुगवून पार अरबांच्या मुलखापर्यंत जायचा आणि खजूर भरून परत यायचा. घरात दोघंच. सासू नाही, सासरा नाही, पोरबाळ नाही. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नसे. पण भांडायचीही कडाकडा, बरं का!

त्यांच्याकडे एक रीत होती. आपल्याकडेही आहे की! कुणी लांब निघालं की त्याच्या हातावर दही घालायचं. त्याने ते चाटायचं आणि मागे न बघता निघायचं. मग तो सुखरूप परत येतो.

तर एकदा काय झालं, घर शाकारायचं राहिलं होतं आणि काशाने सफर ठरवून टाकली. हौसाला विचारलंसुद्धा नाही! ती अशी फणफणली! म्हणाली, "जा जा! त्या गलबताशीच लग्न लावायचं होतं तुम्ही!" काशाही रागाचा. तरातरा निघाला. हौसाच्या हातात दह्याची वाटी तशीच राहिली. तिला वाटलं, एकदा तरी मागे वळून बघेल, मग धावत जाऊन हातावर दही घालू. पण मागे वळायचं नसतं ना! तो वळलाच नाही.

मग काय? सगळ्यांची गलबतं परत आली. काशाचं आलं नाही. हौसा रोज किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. शेवटी एका गलबताने बातमी आणली. "काशा जिवंत आहे. माणसंही धडधाकट आहेत. पण खोल समुद्रात त्याचं गलबत नुसतं गोल गोल फिरतंय. सुकाणू कितीही फिरवलं तरी गलबताचं तोंड काही घराकडे वळत नाही."

हौसाने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मीच त्यांच्या हातावर दही घातलं नाही!"

मग तिने शेजाऱ्याला विचारलं नाही, पाजाऱ्याला विचारलं नाही. मातीच्या लोटक्यात दही घेतलं, लोटकं पदराखाली धरलं आणि छोटीशी होडी पाण्यात लोटली. ए चिंगे, तू का उठून बसलीस? आडवी हो बघू. हौसा बुडत नाही.

पण दही ते दही! उन्हाने आंबून चाललं. रोज नव्या दुधात विरजण घातलं तरच ते टिकणार. आणि समुद्रात दूध कुठून आणायचं?

मग एक बेट आलं. तिथे एक म्हातारी शेळ्या राखत होती. तिची लेक त्या दिवशी सासरी निघाली होती. तिला न्यायला पडाव, म्हणजे मोठी होडी, किनाऱ्याला लागलेला आणि म्हातारीचे डोळे भरलेले. "घरात शेळ्यांचं दूध ढीगभर आहे, पण लेकीच्या हातावर घालायला दही नाही," म्हणाली. हौसाने वरवरचं आंबट दही बाजूला सारलं, तळाचं चांगलं दही काढलं आणि लेकीच्या हातावर घातलं. म्हातारीने लोटकं भरून दूध दिलं. उरलेल्या दह्याचं हौसाने त्यात विरजण लावलं.

मग पुढे अरबांचं एक मोठं गलबत भेटलं. त्यावर उंट होते उंट! त्यांचा म्हातारा नाखवा घरी निघाला होता. त्याने विचारलं, "बाई, जिवापाड काय जपतेस?" हौसाने रीत सांगितली. म्हातारा मग म्हणाला, "माझी आई मी निघताना माझ्या तळहातावर एक खजूर ठेवायची. ती गेली, तेव्हापासून हात रिकामाच आहे."  हौसाने त्याचा सुरकुतलेला हात हातात घेतला आणि त्यावर दही घातलं. म्हातारा लहान मुलासारखा रडला. त्याने उंटिणीचं दूध दिलं. हौसाने पुन्हा विरजण लावलं.

मग आलं वादळ. होडी अशी हेलकावली की लोटकं कलंडलं. दही गेलं समुद्रात. तळाशी राहिलं नखाएवढं.

आणि नेमकी तेव्हाच समोर वर आली एक देवमाशीण. घराएवढी! पण हौसाला भीती वाटली नाही. कारण त्या देवमाशिणीच्या कुशीत एक पिल्लू होतं. देवमाशीण म्हणाली, "बाई गं, माझं बाळ पहिल्यांदाच थंड समुद्राकडे निघालंय. वाट फार लांबची आहे. तू सगळ्यांना दही देतेस म्हणे. माझ्या बाळालाही दे."

आता आली का पंचाईत! नखभर दही दिलं तर विरजणाला काही उरत नाही. विरजण नाही तर दही नाही, आणि दही नाही तर काशा नाही. हौसा लोटकं उराशी धरून ढसाढसा रडली. म्हणाली, "हे माझ्या माणसाचं आहे गं. एवढंच उरलंय." देवमाशीण नुसती बाळाला जवळ घेऊन राहिली. हौसाने त्या बाळाकडे पाहिलं. मग डोळे पुसले, बोटाने लोटकं निपटलं आणि नखभर दही पिल्लाच्या जिभेवर ठेवलं. म्हणाली, "सुखरूप ये रे बाळा."

देवमाशीण म्हणाली, "लोटकं पुढे कर." आणि तिने आपलं दूध दिलं. हसू नका! देवमासा म्हणजे मासा नव्हेच मुळी. त्याची आई पिल्लाला दूध पाजते. साईसारखं दाट दूध असतं ते. पण हौसा म्हणाली, "दूध आहे, विरजण कुठे आहे?" तरी तिने लोटकं मांडीवर घेतलं, त्यावर पदर टाकला आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली.

सकाळी पदर काढते तर काय! दही! घट्ट, सुरीने कापावं असं! अगं, इतके दिवस त्या लोटक्याच्या मातीने दही पिऊन घेतलं होतं. हौसाने लोटकं घासलं होतंच कुठे? मातीनेच विरजण लावलं. म्हणून काही तुम्ही आपली ताटं न घासता ठेवायची नाहीत हां!

मग देवमाशिणीने होडीला हलकेच ढकललं. ढकलत ढकलत थेट काशाच्या गलबताजवळ नेलं. काशा सुकाणू धरून उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. हौसा ओरडली, "अहो! हात पुढे करा!"

काशा वाकला. हौसाने होडीत उभं राहून त्याच्या हातावर दही घातलं. त्याने चाटलं, आणि इतके दिवस अडून बसलेलं गलबत सरकन घराकडे वळलं. खलाशांनी केवढा आरडाओरडा केला! काशाने हौसाला हात देऊन वर घेतलं.

तिचा पाय गलबतावर पडला मात्र, गलबत पुन्हा गोल गोल फिरायला लागलं.

सगळ्यांची तोंडं उतरली. हौसा म्हणाली, "आता काय राहिलं हो?" काशाने तिच्याकडे पाहिलं. होरपळलेले गाल, वल्ह्याने फुटलेले हात. हळूच विचारलं, "हौसे, तू निघालीस तेव्हा तुझ्या हातावर दही कुणी घातलं?"

हौसा म्हणाली, "कोण घालणार? घरात होतं कोण?"

 काशाने लोटकं घेतलं, दही काढलं आणि तिच्या फुटलेल्या तळहातावर अगदी जपून घातलं. म्हणाला, "चल, घरी चल."

तिने चाटलं. मग गलबत जे निघालं, ते किनाऱ्याला लागेपर्यंत थांबलं नाही. आधी घर शाकारलं, मगच काशाने दुसरं काम हातात घेतलं. पुढची सफर दोघांनी मिळून केली. निघताना आधी तिने त्याच्या हातावर दही घातलं, मग त्याने तिच्या. आणि दोघं सुखाने राहिली.

चला, आता तुम्हीही निघालात ना झोपेच्या गावाला? तुमच्या हातावर आजीने पापी ठेवली. मुठी मिटा, डोळे मिटा, आणि सकाळी लवकर या.