धामणखेडची रिकामी खुर्ची

धामणखेडच्या माळावर राष्ट्रीय पुस्तक मेळा भरतो, तिथे आलात तर पहिल्या मांडवातल्या लाकडी खुर्चीवर टेकू नका. तुम्ही शहरची माणसं, दोन पुस्तकं उचलली की पाय दुखतात, ठाऊक आहे. तरी नका. गेल्या साली एक थोर समीक्षक टेकायला निघाले होते. पुस्तकं शिवणाऱ्या बायांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं, वर चहाही पाजला.

म्हणे, फार पूर्वी इथे मेळा नव्हता, महादेवाची जत्रा होती. भज्यांची पालं वीस आणि पुस्तकांचं एक, सोनबा जिनगराचं. एरवी आठवडी बाजारात बसून तो फाटकी पुस्तकं बांधून द्यायचा. शाळा चौथीपर्यंत, पण खोड्यांत पदवीधर.

गावातली तान्हूबाई साठीला प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली. नवऱ्याच्या ट्रंकेत सापडलेली कादंबरी तिनं जत्रेत सोनबाकडे बांधायला आणली. पुरात होडी घालणाऱ्या एका मुलीची गोष्ट. छापखाना कधीच बुडालेला, दुसरी प्रत कुठे मिळेना. सोनबाला लहर आली. त्यानं शेवटची आठ पानं काढून ठेवली आणि बाकीचं झकास बांधून दिलं. म्हातारी शेवटापर्यंत पोचते कुठली, आणि पोचलीच तर येईल भांडायला, तेवढीच गंमत.

अक्षराखाली बोट धरून म्हातारी चार महिन्यांत पोचली. बाजारच्या दिवशी आली आणि सोनबाच्या खुर्चीवर बसली.

"सोनबा, होडी काठाला लागली का रं?"

"पुढच्या बाजारी सांगतो, मावशे."

ती गेल्यावर त्यानं ती पानं शोधली, तर ती नव्हती. जिनगर पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दीचा कागद चिकटवतात. जत्रेच्या घाईत त्याच्याच हातानं ती आठ पानं खळ लावून आठ पुस्तकांच्या पाठीत गेली होती, आणि पुस्तकं गावोगाव.

तेव्हाच खरं सांगायचं. पण जन्मभर लोकांना हसवत आलेल्या माणसाला ते जमेना. दर बाजारी तो नवा शेवट रचायचा. कधी होडी बुडवायचा, कधी मुलीचं लग्न लावायचा. तान्हूबाई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे पुस्तकातलं न्हवं."

पुढच्या जत्रेला तिची सून कादंबरी घेऊन आली. "आत्याबाई माघात गेल्या. जाताना म्हणाल्या, होडीचं सोनबाला इचार. त्याला ठावं हाय, पर लबाड सांगत न्हाई."

असं सांगतात, की त्या दिवसापासून सोनबा हसला नाही. आठही पानं परत मिळवायची त्यानं महादेवापुढे शपथ घेतली आणि दवंडी पिटवली. जुनं पुस्तक आणा, बांधणी फुकट. फुकट म्हटल्यावर आपली माणसं घरी बसतात होय? पोथ्या आल्या, पंचांगं आली, वकिलांचे जाडे ग्रंथ आले. सोनबा एकेक पाठ उसवायचा, आत बघायचा, पुन्हा शिवायचा. वाचणारे जमले म्हणून विकणारे आले. आधी पुण्याचे, मग हुबळीचे, इंदूरचे, कलकत्त्याचे. जत्रेचा असा मेळा झाला. लोक सोनबाला पुण्यवान म्हणू लागले, आणि तो मान खाली घालून पाठी उसवत राहिला.

एकोणीस वर्षांत सात पानं मिळाली. आठवं म्हणे आदिलाबादच्या एका मास्तरांच्या शब्दकोशातून निघालं. सोनबानं आठही पानं न वाचताच कादंबरीला शिवली. मेळा भोवती गोळा झाला. सून म्हणाली, "वाचा आता."

सोनबानं पुस्तक उघडलं नाही. "आधी मावशी," म्हणाला, आणि ती बाजारी येऊन बसायची त्या खुर्चीवर ते ठेवलं.

आजही या मेळ्यात कुठलाही विक्रेता पुस्तक हातात देण्याआधी शेवटचं पान उघडून दाखवतो. आणि कादंबरी आजही खुर्चीवर आहे. माळावरचा वारा कधी तिची पानं शेवटापर्यंत उलटतो. तेव्हा शिवणाऱ्या बाया हातातली सुई थांबवतात आणि वारा पडेपर्यंत दुसरीकडे बघतात.