डोंगरामागचे कंद

फार जुनी गोष्ट आहे. तुमच्या पणजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच. एका राज्यात नियम होता. परमुलखातल्या लोकांचा अभ्यास करायचा, तर आधी पाच वडीलधाऱ्यांच्या सभेची परवानगी घ्यायची.

एक तरुण पंडित सभेपुढे आला. समुद्रापलीकडच्या बेटावर लोक दुष्काळात कसे तगतात, हे त्याला लिहायचं होतं. हेतू चांगला होता, घाई मात्र फार.

"तुझ्या लिहिण्यानं त्यांचं काही नुकसान होईल का?" सभेतल्या आजींनी विचारलं.

"छे, आजी. ज्ञानानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

उत्तर गोड होतं आणि सभेची जेवायची वेळ झाली होती. परवानगी मिळाली.

बेटावर एका विधवेनं त्याला घरी ठेवून घेतलं. घरात ती आणि तिची सहा वर्षांची लेक.

"मावशी, दुष्काळात काय खाता, सांगाल का?" पंडितानं विचारलं.

दारी आलेल्याला नाही म्हणायची तिथं रीत नव्हती. तिनं त्याला डोंगरामागचं रान दाखवलं. तिथं मातीखाली कंद होते. पीक बुडालं की निम्मे काढायचे, निम्मे राखायचे. त्यावर सगळं गाव जगायचं. पंडितानं सारं लिहून घेतलं, वाटेसकट.

पोथी गाजली. पंडिताला शाल मिळाली. व्यापाऱ्यांनीही पोथी वाचली आणि होड्या भरभरून कंद नेले. त्यांना वाट कुणाला विचारावीही लागली नाही.

तीन वर्षांनी पंडित मोठ्या हौसेनं मावशीला पोथी दाखवायला गेला. आदल्या साली पाऊस पडला नव्हता. ती अंगणात एकटीच बसली होती.

"लेक कुठंय?"

"गेली. रानात एकही कंद उरला नव्हता."

पंडितानं हातातली पोथी खाली ठेवली. "मावशी, मी तुम्हाला विचारूनच लिहिलं होतं."

"सांगाल का, एवढंच विचारलंस बाबा. तू कुणाकुणाला सांगणार, ते कुठं बोललास? मला वाटलं, परका मुलूख आहे, कधी उपाशी पडलास तर तुला ठाऊक असावं."

पंडितानं गावोगावच्या पोथ्या मागवून जाळल्या. त्या पोरीसाठी तो जन्मभर रडला. पण रडून काही कंद उगवत नाहीत.

तात्पर्य: सभेनं हो म्हटलं म्हणून भागत नाही; ज्याचं गुपित, त्याला ते पुढं कुठं जाणार हे सांगावं आणि मगच त्याचा होकार घ्यावा.